खवले कातडीवर नसतात

मासा हातातून निसटतो तो खवल्यांमुळे नव्हे. खवल्यांच्याही वर जिवंत पेशींचा एक थर असतो आणि त्यातून सतत बुळबुळीत चिकटा पाझरत असतो, म्हणून तो निसटतो. बाजारात मासा साफ करून घेताना सुरी उलटी फिरली की पहिल्या दोन फटक्यांतच हा थर निघून पाण्याबरोबर मोरीत जातो. मग तो होता हेच कुणाच्या ध्यानात येत नाही. डोळ्यांना दिसतात ते इकडेतिकडे उडणारे खवले, आणि समजूत होऊन बसते की खवले म्हणजे माशानं बाहेरून घातलेलं चिलखत. प्रत्यक्षात खवला कातडीच्या आत तयार होतो, जन्मभर आतच राहतो, आणि त्याच्यावरून कातडी गेलेली असते.

हे एक पक्कं झालं की माशाच्या अंगाचं बरंच गणित सुटतं. परांचंही सुटतं, कारण पर म्हणजे तीच कातडी, दुमडून बाहेर आलेली आणि आतून हाडाच्या काड्यांनी ताठ केलेली. उदाहरणं मी कृष्णाकाठचीच घेणार आहे: रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस, चिलापी, वाम, मरळ, शिंगटा. यातले रोहू, कटला आणि मृगळ मूळचे उत्तरेकडच्या नद्यांतले, चिलापी आफ्रिकेतली. पण सांगली-मिरजेच्या बाजारात आता त्यांना कुणी परकं समजत नाही.

आधी वरचा थर, म्हणजे बाह्यत्वचा. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा भाग मेलेला असतो. पेशी खालून वर सरकता सरकता केराटिन नावाच्या प्रथिनानं भरतात, मरतात आणि कोंडा होऊन गळतात. हवेत राहणाऱ्या प्राण्याला असा मेलेला थर लागतोच, नाहीतर अंगातलं पाणी उडून जाईल. माशाला वाळण्याची भीती नाही. त्याच्या बाह्यत्वचेतली, अगदी पाण्याला टेकलेली पेशीसुद्धा जिवंत असते आणि गरज पडली तर तिचं विभाजनही होऊ शकतं. थर मात्र फार पातळ. जातीप्रमाणे आणि अंगावरच्या जागेप्रमाणे कुठे चार-पाच पेशींचा, कुठे वीस-पंचवीस पेशींचा. सगळ्यात वरच्या पेशी चपट्या असतात आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पृष्ठभागावर वळणावळणाच्या बारीक कडा दिसतात. चिकटा धरून ठेवायला या कडांचा उपयोग होतो असं मानलं जातं.

बीएस्सीला प्राणिशास्त्र घेतलेल्यांना पुढचं काम आठवत असेल. कातडीचा नखाएवढा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचा, अल्कोहोलच्या वाढत्या तीव्रतेतून काढून त्यातलं पाणी घालवायचं, मेणात बसवायचा आणि मायक्रोटोमवर त्याचे पाचेक मायक्रॉन जाडीचे काप घ्यायचे. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. खवला असलेला तुकडा असेल तर आधी त्यातलं कॅल्शियम आम्लानं काढून टाकावं लागतं, नाहीतर पातं अडकतं आणि काप फाटतो. मग हिमॅटॉक्सिलिन-इओसिनचं रंगकाम. केंद्रकं जांभळी-निळी होतात, बाकीचा भाग गुलाबी. आणि त्या गुलाबी थरात मधे मधे गोल, रिकामी दिसणारी भोकं दिसतात. नवख्या विद्यार्थ्याला वाटतं काप बिघडला. ती भोकं म्हणजे चिकटा तयार करणाऱ्या श्लेष्मपेशी असतात. नेहमीचा रंग त्यांच्या आतल्या मालाला नीट लागत नाही. तोच काप अल्शियन ब्लू या रंगात बुडवला की तीच भोकं गडद निळी होऊन उठतात. ज्या जागा रिकाम्या वाटत होत्या त्या ठासून भरलेल्या निघतात. या विषयातला माझा सगळ्यात आवडता क्षण हाच.

या पेशी फुगत फुगत वर येतात, पृष्ठभागाला तोंड उघडतात आणि साखर जोडलेली प्रथिनं बाहेर सोडतात. पाणी लागताच ती फुगतात आणि चिकटा तयार होतो. त्यात जिवाणूंची भिंत फोडणारं लायसोझाइम असतं, प्रतिपिंडं असतात, जंतू मारणारे छोटे प्रथिनतुकडे असतात. शिवाय चिकटा सतत सुटून वाहून जातो, त्यामुळे अंगावर बसलेला जंतू मुळं धरायच्या आत त्याच्याबरोबरच धुऊन निघतो. पाण्याशी होणारं घर्षण कमी होतं ते वेगळंच. वामेच्या अंगावर खवले आहेत, पण इतके बारीक आणि कातडीत इतके रुतलेले की हाताला लागत नाहीत. तिचा मुख्य आधार चिकटाच. राख किंवा जाडं मीठ चोळल्याशिवाय वाम हातात ठरत नाही हे घरोघरी माहीत असतं.

गोड्या पाण्यातल्या माशाला हा थर आणखी एका कारणानं जपावा लागतो. त्याच्या रक्तात क्षार जास्त, बाहेरच्या पाण्यात फार कमी. त्यामुळे पाणी सारखं अंगात शिरू पाहतं आणि क्षार बाहेर निसटू पाहतात. कल्ल्यांतून हे होतच असतं. मासा पातळ लघवीवाटे जादा पाणी टाकत राहतो आणि कल्ल्यांतल्या खास पेशींनी क्षार परत ओढत राहतो. अंगभर पसरलेली बाह्यत्वचा शाबूत असेल तर हा हिशोब जमतो. जाळ्यात घासून, कोरड्या फडक्यानं धरून किंवा टोपलीत एकमेकांवर रगडून तिचा मोठा तुकडा निघाला, तर त्या उघड्या जागेतून पाणी आत येतं आणि क्षार जातात. वरवर पाहता मासा धडधाकट, दोन दिवसांनी मेलेला. मत्स्यबीज आणताना पाण्यात थोडं मीठ टाकायची पद्धत याचसाठी आहे. आतल्या-बाहेरच्या क्षारांतलं अंतर कमी झालं की माशाचे कष्ट कमी होतात. आणि शेततळ्यातला मासा वजनाला काढायचा झाला तर हात आणि जाळी आधी ओली करून घ्यावी, एवढं तरी प्रत्येकानं पाळावं. फुकटचं काम आहे.

रोहू, मृगळ, सायप्रिनस आणि शिंगट्याच्या बाह्यत्वचेत आणखी एक प्रकारच्या पेशी सापडतात, मोठ्या आणि गदेच्या आकाराच्या. त्यांना बाहेर उघडणारं तोंडच नसतं. पेशी फुटली तरच आतलं रसायन पाण्यात येतं, आणि पेशी फुटते ती कातडी फाटल्यावर, म्हणजे कुणीतरी चावल्यावर. हे रसायन पाण्यात मिसळताच जवळपासचे त्याच जातीचे मासे एकदम सैरावैरा होतात, एकत्र गोळा होतात, तळाशी जाऊन गप्प बसतात. मधमाश्यांच्या नाचाची भाषा उलगडणारे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये मिनो नावाच्या छोट्या माशांत हा प्रकार प्रथम नोंदवला. मधमाश्यांसाठी त्यांना १९७३ मध्ये नोबेल मिळालं. जखमी मासा स्वतः वाचत नाही, मग इतरांना सावध करणाऱ्या पेशी त्यानं बाळगायच्या कशाला, यावर पुष्कळ वाद झाले आहेत. या पेशींचं मूळ काम जंतू आणि परजीवी अडवण्याचं असावं, इशारा हा नंतर जुळून आलेला उपयोग, असं बरेच अभ्यासक म्हणतात आणि मलाही तेच पटतं. चिलापी या कुळातली नाही. तिच्याकडे अशा गदापेशी नाहीत.

चवीच्या कळ्याही कातडीत असतात. शिंगट्याच्या मिशांवर तर त्या दाटीवाटीनं बसलेल्या असतातच, अंगावरही विखुरलेल्या असतात. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चहासारखं झालेलं असताना तळाचा शिंगटा डोळ्यांवर अवलंबून राहिला तर उपाशी मरेल. तो तळ चाटत नाही, नुसता अंग घासत जातो आणि त्याला चव कळते.

बाह्यत्वचा इतकी नाजूक, मग ती फाटली की काय? ती थक्क करणाऱ्या वेगानं भरते. जखमेच्या काठच्या पेशी विभाजनाची वाट पाहत बसत नाहीत. त्या चपट्या होऊन सरकत येतात आणि लहान जखम काही तासांत झाकून टाकतात. हे प्रयोगशाळेत पाहणं फार सोपं आहे. जिवंत माशाचा एक खवला चिमट्यानं काढून काचपट्टीवर पोषकद्रवात ठेवला, की त्याला चिकटून आलेल्या बाह्यत्वचेच्या पेशी काचेवर उतरून चालायला लागतात. मिनिटाला दहा मायक्रॉनच्या आसपास त्यांचा वेग भरतो, आणि प्राण्यांच्या पेशींत हा वेग फार मोठा आहे. पेशी हलते कशी याचा अभ्यास करणाऱ्या अनेक प्रयोगशाळांचं काम माशाच्या खवल्यावर चाललं आहे. आणि खवल्यावर या पेशी आल्या कुठून? खवला कातडीच्या खाली होता, म्हणूनच.

आता खालचा थर, अंतस्त्वचा. हिच्या वरच्या सैलसर भागात प्रत्येक खवल्यासाठी एक कप्पा असतो. खवल्याचा अर्ध्याहून जास्त भाग या कप्प्यात गाडलेला, पुढच्या खवल्याच्या खाली. मागची कड तेवढी तिरकी वर येते, पण उघडी पडत नाही. बाह्यत्वचा आणि अंतस्त्वचेचा पातळ पापुद्रा तिच्यावरून जातो, मागच्या कडेवरून वळून पुन्हा खाली येतो.

रोहूचा एक मोठा खवला धुऊन, वाळवून भिंगाखाली धरा. एक बाजू गुळगुळीत, जरा जास्त पारदर्शक: ती कप्प्यातली. तिच्यावर एकाला एक लागून बारीक वलयं दिसतील आणि मधल्या बिंदूपासून कडेकडे गेलेल्या काही खाचा. दुसऱ्या बाजूवर खरखर आणि रंगाचे ठिपके: तो वर दिसणारा भाग. आता हा खवला रात्रभर व्हिनेगरमध्ये टाकून ठेवा. सकाळी तो मऊ, लोंबता झालेला सापडेल. खवल्याचा वरचा थर हाडासारखा, त्यात हाडांतलंच खनिज असतं आणि आम्लानं ते विरघळतं. उरतो तो कोलॅजेन या प्रथिनाच्या धाग्यांचा खालचा भाग, थरावर थर रचलेला. खनिजामुळे खवला कठीण आणि कोलॅजेनमुळे चिवट. निव्वळ खनिज असतं तर तो काचेसारखा फुटला असता.

खवल्यांची संख्या लहानपणीच ठरते. मासा वाढतो तसे नवे खवले येत नाहीत, आहेत तेच मोठे होतात. म्हणूनच खवल्यांची मोजणी जात ओळखायला कामी येते. अंगाच्या मधल्या रेषेवर रोहूला चाळीसच्या थोडे वर खवले असतात, तर दख्खनच्या महाशीरला पंचविसाच्या आसपास. मासा तेवढाच, पण एकेक खवला केवढाला. खवल्याच्या कडेला नवी वलयं पडत जातात. वाढ जोरात असेल तेव्हा विरळ, मंदावली की दाट. वर्षातून एकदा अशी दाटी झाली की एक खूण उमटते आणि त्या खुणा मोजून वय काढता येतं. थंड देशांत हिवाळ्यामुळे ती ठळक उमटते. आपल्याकडे हिवाळा काही माशाला गोठवत नाही, पण अंडी घालण्याच्या हंगामात मासा खातो कमी आणि शक्ती खर्चतो जास्त, तेव्हाही वाढ अडखळते. म्हणून इथले वयाचे अंदाज जरा जपूनच घ्यावे लागतात. एक मेख आहे: गळून पडलेला खवला पुन्हा येतो, पण तो घाईघाईनं जुन्याच्या आकाराचा होतो आणि त्याच्या मधल्या भागात वलयंच नसतात. असा खवला वय मोजायला घेतला तर म्हातारा मासा कोवळा ठरतो.

सायप्रिनसची एक जात आहे, अंगावर मोजके पण भलेमोठे चकचकीत खवले असलेली. बाकीचं अंग उघडं. तरी ती मजेत जगते, कारण जिच्यावर जगणं अवलंबून आहे ती बाह्यत्वचा तिला अंगभर आहेच. खवल्यांवाचून मासा राहू शकतो. चिकट्यावाचून नाही.

रंग अंतस्त्वचेत असतो. काळ्या रंगपेशींना झाडाच्या फांद्यांसारखे फाटे असतात आणि त्यांत मेलॅनिनचे कण. कण मधोमध गोळा झाले की मासा फिका, फाट्यांत पसरले की गडद. कणांची ही ये-जा मज्जातंतू आणि संप्रेरकं चालवतात. मरळ पांढऱ्या टबात ठेवून पाहा, थोड्या वेळानं ती उतरलेली दिसेल. मेलेली नसते, फिकी झालेली असते. चिलापीच्या मोझांबिक जातीचा नर विणीच्या काळात काळाकुट्ट होतो तोही याच व्यवस्थेतून. चांदीसारखी चमक मात्र रंगद्रव्याची नाही. तिथल्या पेशींत ग्वानिनचे पातळ स्फटिक थप्प्या लावून बसवलेले असतात आणि प्रकाश त्यांवरून परततो. ग्वानिन म्हणजे डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक. मासा साफ करताना बोटांना जी चंदेरी भुकटी लागते ती हीच. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये ती काढून काचेच्या पोकळ मण्यांत भरत आणि खोटे मोती करत.

अंतस्त्वचेचा खालचा भाग घट्ट विणीचा. इथे कोलॅजेनचे धागे थराथरानं मांडलेले असतात. एका थरात सगळे एका दिशेला, पुढच्या थरात त्यांना आडवे, आणि दोन्ही दिशा शरीराभोवती तिरक्या गुंडाळलेल्या, एक डावीकडून तर एक उजवीकडून. त्यामुळे मासा अंग वळवतो तेव्हा कातडीला सुरकुती पडत नाही आणि ती सैलही पडत नाही. शार्कवर स्टीफन वेनराइट आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये केलेल्या कामात दिसलं की मासा जोरात पोहायला लागला की कातडीखालचा दाब वाढतो, कातडी ताठ होते आणि स्नायूंची ओढ शेपटीपर्यंत पोचवण्यात भाग घेते. म्हणजे कातडी हाही पोहण्याच्या यंत्राचा भाग. हाच कोलॅजेनचा थर ब्राझीलमधल्या फोर्तालेझा इथल्या डॉक्टरांनी भाजलेल्या जखमांवर वापरून पाहिला. चिलापीची कातडी, निर्जंतुक केलेली. ती जखमेला चिकटून राहते, ओलावा टिकवते, त्यामुळे पट्ट्या पुन्हा पुन्हा बदलण्याच्या वेदना वाचतात. हे वाचून घरी कुणी बाजारातली कातडी भाजलेल्या हातावर लावू नये. प्रयोगशाळेत तिच्यावर बरेच संस्कार झालेले असतात.

मधल्या रेषेवरचे खवले भोक पाडलेले असतात. त्या भोकांतून पाणी आतल्या नळीत जातं आणि नळीतल्या केसाळ पेशींना पाण्याची हालचाल कळते. या पार्श्वरेषेवर स्वतंत्र लेख हवा, म्हणून इथे थांबतो.

आता पर. माशाला पर दोन तऱ्हेचे: मध्यरेषेवरचे एकेकटे, म्हणजे पाठीचा, शेपटीचा आणि गुदद्वाराजवळचा, आणि जोडीचे, छातीचे व पोटाचे. शिंगट्याला पाठीवर मागे आणखी एक मऊ, चरबीचा म्हणून ओळखला जाणारा पर असतो आणि त्यात हाडाच्या काड्या नसतात. परांचा काप घेतला की दोन्ही बाजूंना तीच ओळखीची बाह्यत्वचा, श्लेष्मपेशी, रंगपेशी, आणि मधे अंतस्त्वचा. त्या अंतस्त्वचेत काड्या.

या काड्यांची रचना मला साऱ्या विषयात सरस वाटते. रोहूच्या शेपटीतली एक काडी घ्या. ती एकसंध दिसते, पण तिचे उभे दोन अर्धे असतात, एक डावा, एक उजवा, दोन्ही जरासे खोलगट आणि खोलगट बाजूंनी समोरासमोर. मधल्या पोकळीत रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि सैल ऊती. प्रत्येक अर्धा पुन्हा आडवा तुकड्यातुकड्यांचा, तुकडे चिवट तंतूंनी सांधलेले; टोकाकडे काडीला फाटे फुटतात. आणि पराच्या पडद्यात स्नायू नाही. एकही नाही. सगळे स्नायू बुडाशी. मग पर वळतो कसा? दोन लांब पट्ट्या एकमेकींवर ठेवा, टोकाला दोऱ्यानं बांधा, आणि बुडाशी एक पट्टी पुढे ढकला, दुसरी मागे ओढा. टोक जुळलेलं असल्यामुळे पट्ट्यांना वाकण्याशिवाय वाट उरत नाही. काडीचे दोन अर्धे नेमके असेच चालतात. बुडाचा स्नायू एका अर्ध्याला ओढतो आणि सबंध काडी कमानीसारखी वळते, तीही पाण्याच्या जोराविरुद्ध. मासा एका जागी तरंगत उभा असताना छातीचे पर पाहा; प्रत्येक काडी वेगवेगळी वळताना दिसेल.

पराच्या अगदी कडेला हाड पोचलेलं नसतं. तिथे खनिज नसलेल्या बारीक, लवचीक तंतूंच्या जुड्या असतात आणि वाढत्या पराला पुढे त्याच वाट करून देतात.

काही काड्या मात्र कठीण काट्यात बदलतात: दोन्ही अर्धे जुळलेले, तुकडे नाहीत, फाटे नाहीत. चिलापीच्या पाठीवरचे टोचणारे काटे हेच. शिंगट्याच्या छातीचा काटा वेगळ्या वाटेनं झालेला आहे. तिथे काडीचेच तुकडे एकमेकांत विरघळून एक दातेरी काटा झाला आहे, आणि बुडाच्या सांध्यात तो उभा होऊन असा अडकतो की ओढून मिटत नाही. या गणातल्या बऱ्याच माशांत काट्यावरच्या बाह्यत्वचेत विषारी पेशी असतात. त्यांनाही तोंड नसतं. काटा रुतताना वरची कातडी फाटते आणि विष जखमेत उतरतं. शिंगी या माशाचा काटा तर चांगलाच झोंबतो. लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा, काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर दवाखाना गाठावा.

पर तुटला तर पुन्हा येतो. फ्रेंच अभ्यासक ब्रूसोने यानं १७८६ मध्येच हे नोंदवून ठेवलं होतं. आज त्याचा सगळ्यात जास्त अभ्यास होतो तो आपल्याच उपखंडातल्या, बोटाच्या पेराएवढ्या पट्टेदार झेब्राफिशवर. शेपटी कापल्यावर दिवसभराच्या आत बाह्यत्वचा सरकून जखम झाकते. तिच्याखाली दोन-तीन दिवसांत कोवळ्या पेशींचा पुंजका जमतो. त्यात काडीतल्या हाडपेशीही येतात, पण आपली जुनी ओळख थोडी सोडून, पुन्हा विभागायला तयार होऊन. दोन-तीन आठवड्यांत शेपटी पूर्ववत. फाटे जिथले तिथे, पट्टे जिथले तिथे. बुडाजवळ कापली तर वाढ जोरात होते, टोकाजवळ कापली तर सावकाश, त्यामुळे भरपाईला लागणारा वेळ साधारण तेवढाच राहतो. किती गेलं याचा अंदाज त्या पेशींना कसा येतो, हा प्रश्न अजून चघळला जातो आहे.

खवला आणि पराची काडी ही एकाच घराण्यातली, याचा पुरावा जनुकांत सापडतो. ईडीए नावाचं जनुक बिघडलेल्या झेब्राफिशला खवले येत नाहीत, परांच्या काड्या खुरटतात आणि घशातले दात कमी येतात. तेच जनुक माणसात बिघडलं तर केस विरळ, दात कमी आणि घाम जवळजवळ नाही, असा विकार होतो. डार्विननं सिंधमधल्या अशा एका कुटुंबाचं वर्णन एकोणिसाव्या शतकात करून ठेवलं होतं, दहा पुरुष, दात मोजके, टक्कल लवकर. खवला, काडी, दात, केस: सगळ्यांची सुरुवात वरच्या आणि खालच्या थराच्या एकमेकांना मिळणाऱ्या निरोपांतून होते. शार्कचा खवला तर सूक्ष्मदर्शकाखाली दातच आहे, आत गर, त्यावर दंतिन, वर चकचकीत टणक लेप.

आता जरा तळ्याकडे. कृष्णा-वारणेच्या क्षारपड रानात आणि जत-आटपाडीकडच्या शेततळ्यांत मासे सोडणाऱ्यांनी एक रोग नक्की ओळखायला हवा: अंगावर लाल ठिपके, मग खवले गळून मांसापर्यंत गेलेले व्रण. १९८८ मध्ये तो भारतात शिरला. ॲफॅनोमायसेस इन्व्हाडन्स हा बुरशीसारखा जीव त्यामागे असतो. त्याचे पोहणारे बीजाणू खरचटलेल्या, चिकटा गेलेल्या जागी बसतात आणि तिथून धागे अंतस्त्वचेत आणि स्नायूंत घुसवतात. थंडीत, पाणी आम्लधर्मी झालं की त्याचं फावतं. मरळ आणि मृगळ लवकर बळी पडतात, चिलापी सहसा दाद देत नाही. तळ्यात चुना मारण्याचा सल्ला पाण्याची आम्लता मोडण्यासाठी असतो, आणि वेळेत दिला तर तो पुष्कळदा पुरतो. माशाची ऊ, म्हणजे आर्ग्युलस, चपटी आणि डोळ्यांना दिसेल एवढी. ती सोंड टोचून बाह्यत्वचेला भोकं पाडते आणि पुढच्या रोगांना दार उघडून देते.

नदीत मळीमिश्रित पाणी सुटलं की मेलेल्या माशांचे फोटो छापून येतात. ते मरण बहुतेक ऑक्सिजन संपल्यामुळे होतं, त्यात कल्ले हरतात. कातडीची तक्रार मात्र त्याच्या बरीच आधी सुरू झालेली असते. पाणी सतत त्रासदायक असेल तर श्लेष्मपेशींची संख्या वाढते, चिकटा दाट होतो, अंगावर धुरकट साय आल्यासारखी दिसते. जाळं टाकणाऱ्यांना ती मासे मरण्याआधी दिसते. त्यांना कुणी विचारत नाही, ही गोष्ट निराळी.

परांची सड हाही दाटीचा आणि घाण पाण्याचा रोग. आधी कड पांढुरकी होते, मग काड्यांमधला पडदा झिजून काड्या केरसुणीसारख्या उघड्या पडतात. या टप्प्यावर पाणी बदललं, मासे विरळ केले, तर पर परत येतो. सड बुडाच्या हाडापर्यंत गेली तर येत नाही, कारण नवा पर उगवायला बुडाशी थोडा तरी जुना उरलेला लागतो.